तोटी, आटे आणि टेप
गोरेगाव असो की गोंदिया, घरातली तोटी बहुधा अर्ध्या इंचाची. ती बदलायला प्लंबर हवाच असं नाही. टाकीचा वॉल्व्ह बंद करून पाइपातलं पाणी सोडून द्या. खरी गोम आट्यांत: कितीही कसले तरी त्यांच्यात बारीक नागमोडी फट उरते. ती बुजवते टेफ्लॉन टेप. आटे आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या दिशेने गुंडाळा, उलट गुंडाळलेली टेप तोटी बसवताना सुटून गोळा होते. टेप निसरडी, म्हणून गरजेपेक्षा जास्त आवळलं जातं. मग भिंतीतला प्लॅस्टिकचा एल्बो (वळणाचा जोड) तडकला की भिंत फोडा! एवढं आवळायची गरजही नसते: स्लॅबवरची टाकी तोटीहून तीन मीटर उंच असेल, तर दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.३ किलो. हाताने घट्ट, वर पान्याचा एखादा फेरा पुरे.