भिंतीवरची धाव

वाशीम तालुक्यातल्या काटा गावाच्या परिसरात दोन नद्या उगम पावतात. काटेपूर्णा उत्तरेकडे उतरते, अकोला जिल्ह्यातून पूर्णेला आणि पुढे तापीला मिळते. तिचे पाणी अरबी समुद्राला जाते. पूस दक्षिणेची वाट धरते, पुसदवरून पैनगंगेत आणि शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा असा पाणलोटाच्या माथ्यावर बसला आहे. नद्या इथे सुरू होतात आणि मोठ्या होतात त्या शेजारच्या जिल्ह्यांत. काटेपूर्णेवरचे मोठे धरण अकोल्यातल्या महानला झाले, पुसेवरचे यवतमाळ जिल्ह्यात पुसदजवळ. वाशीमच्या वाट्याला एकबुर्जी, सोनल, अडाण असे मध्यम प्रकल्प आले, आणि त्यांच्या जोडीला पुष्कळसे लघु प्रकल्प व पाझर तलाव.

सिंचनाच्या हिशेबात ही उणीवच. पण तिच्यातून एक गोष्ट आपोआप घडली. एका प्रचंड जलाशयाऐवजी जिल्हाभर छोटे जलाशय विखुरले, आणि अनेक गावांना सायकलच्या अंतरावर मातीची एक सरळ, सपाट भिंत मिळाली. पहाटे या भिंतींवर पोरे पळतात. त्यांच्यासाठी कोणी मैदान बांधले नव्हते. पाणी अडवताना ते होऊन गेले.

गोल फेरी नाही

जलाशय म्हटला की भोवती गोल फेरी असेल, असे शहरी धावपटूला वाटते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या जलाशयाभोवती तशी सुमारे अडीच किलोमीटरची प्रसिद्ध धावपट्टी आहे. पण तो तलाव एकोणिसाव्या शतकात शहराच्या पाण्यासाठी बांधलेला आणि 1993 मध्ये त्या कामातून निवृत्त झालेला. त्याचा काठ जागचा हलत नाही. आपला जलाशय अजून नोकरीत आहे. ऑक्टोबरात तुडुंब, मे महिन्यात तळाला. शिवाय ओढ्या-नाल्यांतून पाणी मागे सरकत जाते, म्हणून त्याचा आकार हाताच्या पंजासारखा होतो. प्रत्येक बोटाला वळसा घालायचा तर काळ्या शेतातून, धुऱ्याधुऱ्याने जावे लागते. म्हणून इथे एक मार्ग नसतो. ऋतूप्रमाणे बदलणारे तीन-चार असतात.

पहिला मार्ग भिंतीच्या माथ्याचा. मातीच्या धरणाचा गाभा चिकण काळ्या मातीचा आणि वरचे आवरण मुरमाड असते. माथा एका पातळीत राखावा लागतो, नाहीतर पाणी सखल जागा शोधून वरून वाहील आणि भिंत कापून काढील. पळणाऱ्याला हवी असते ती हीच सपाटी. दाबलेला मुरूम डांबरापेक्षा मऊ, पावसानंतर लवकर वाळणारा. एका अंगाला पाण्याकडचे दगडी पिचिंग, दुसऱ्या अंगाला गवताचा उतार. अनेक भिंतींवर अंतराचे साखळी दगड असतात. ते अभियंत्याने मोजणी-दुरुस्तीसाठी लावलेले, पण पोरांना तेच फेरी मोजायला पुरतात. भिंत सांडव्यापाशी संपते. पाणी पडत असताना सांडवा ओलांडायचा नाही, तिथून मागे फिरायचे.

दुसरा मार्ग कालव्याच्या सेवारस्त्याचा. पाणी स्वतःच्या वजनाने पुढे सरकावे म्हणून कालव्याला अगदी नाममात्र उतार देतात, त्यामुळे लांब पल्ल्याच्या संथ धावेला यासारखी वाट नाही. मात्र रब्बीचे आवर्तन सुटले की पाझराने कडेला चिखल होतो. हरभऱ्यात चरून परतणारे रोही आणि रानडुक्कर अंधारात समोर येतात ते याच वाटेवर.

तिसरा मार्ग वर्षातून काही महिनेच दिसतो. उन्हाळ्यात पाणी हटले की बुडीत क्षेत्र उघडे पडते. काही जागी गाळपेर होते, बाकी जमीन भेगाळते. या मोकळ्या पट्ट्यात मऊ मातीवर पायांत ताकद आणणारा सराव होतो. पण मे महिन्यात सूर्य पावणेसहालाच उगवतो आणि वऱ्हाडातले ऊन लगेच तापते; जे करायचे ते आधी उरकावे लागते.

उरला गावाचा डांबरी रस्ता आणि पांदण. पांदण पावसाळ्यात बाद, कारण काळी माती बुटाच्या तळाला थरावर थर चढत जाते आणि शेवटी बूट हातात घ्यावे लागतात. डांबरी रस्त्यावर दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन वाळत पडलेले. दाण्यांवरून पाय सटकतो आणि मालकाच्या शिव्याही खाव्या लागतात. म्हणजे वर्षभर भरवशाची वाट एकच, भिंतीवरची.

310 सेकंद

या भिंतींवर पळणारे बहुतेक जण तब्येतीसाठी पळत नाहीत. ते ‘भरती करतात’. महाराष्ट्र पोलिस शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत 50 गुण असतात. पुरुषांना 1600 मीटर धावेचे 20, शंभर मीटरचे 15, गोळाफेकीचे 15. महिलांना 1600 ऐवजी 800 मीटर. पूर्ण वीस गुणांसाठी मुलाने 5 मिनिटे 10 सेकंदांत आणि मुलीने 2 मिनिटे 50 सेकंदांत अंतर संपवायचे. आधी ‘ग्राउंड’ निघाले पाहिजे, लेखी परीक्षा नंतर.

हिशेब केला तर हे आकडे किती कडक आहेत ते कळते. 5 मिनिटे 10 सेकंद म्हणजे 310 सेकंद. चारशे मीटरची प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. मुलींना दोन फेऱ्या, प्रत्येकी 85 सेकंदांच्या. सरळ भिंतीवर सराव करताना टोकाला थांबून वळावे लागते, वेग मरतो आणि पुन्हा उचलावा लागतो. त्यामुळे भिंतीवरची वेळ ट्रॅकवरच्या वेळेशी थेट ताडता येत नाही. जाणती पोरे तिथे पूर्ण 1600 ची वेळ लावत नाहीत. साखळी दगड धरून चारशेचे तुकडे पाडतात, मध्ये चालतात, पुन्हा पळतात. मोबाइलचे अंतर आणि दगडाचे अंतर यांत फरक पडला तर दगड खरा मानतात.

महाराष्ट्राने देशाला दिलेले लांब पल्ल्याचे अनेक धावपटू असेच कोरडवाहू भागातून आले. माणदेशातली ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली. बीडच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे सैन्यात गेला, तिथे धावपटू झाला आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने याच प्रकारात रौप्य मिळवले. त्याची गोष्ट आपण प्रतिभेची म्हणून सांगतो. तिची सुरुवात मात्र नोकरीपासून आहे, आणि भिंतीवरच्या पोराला ती बाजू जास्त जवळची वाटते.

सावली का नाही

इतकी वर्षे लोक पळतात तर भिंतीवर दोन झाडे का लावली नाहीत, असा प्रश्न नवखा हमखास विचारतो. उत्तर मातीत आहे. झाडाचे मूळ भिंतीत शिरते. झाड मेले की कुजलेल्या मुळाची पोकळी उरते आणि तिच्यातून पाणी वाट काढते. उंदीर-घुशींच्या बिळांचेही तेच. नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या बांधावरची झाडे याच कारणाने वादाचा विषय झाली. मातीचे धरण उघडे ठेवावे लागते, म्हणजे ओल आणि तडा लगेच दिसतात.

2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण फुटले. भिंतीतल्या गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने त्याच्या कक्षेतल्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक केली. लहान तलाव बहुतांशी त्या कक्षेबाहेर राहतात. तिथे रोज पहाटे जाणारे डोळे पळणाऱ्यांचेच.

सुरक्षेसाठी अनेक धरणांच्या माथ्यावर प्रवेशबंदीचा फलक असतो, आणि एकबुर्जीसारख्या जलाशयावर शहराची तहान अवलंबून असताना काळजी रास्तच आहे. पण फलक लावून कोणी थांबलेले नाही. बंदी कागदावर, सराव भिंतीवर, अशा या व्यवस्थेत सर्वांत जास्त तोटा मुलींचा होतो. जिथे जाणे अधिकृत नाही तिथे पहाटेच्या अंधारात दिवाही नाही आणि गस्तही नाही. मग वडील किंवा भाऊ मोटारसायकल घेऊन मागे, नाहीतर सराव बंद.

यावर फार पैसा लागत नाही. पाटबंधारे विभागाने सुरक्षित भिंती ठरवून पहाटेची वेळ जाहीर करावी, वाहने आणि गुरे रोखावीत, साखळी दगड दरवर्षी रंगवावेत. भिंतीच्या पायथ्यापासून पुरेशा अंतरावर, जिथे मुळांचा धोका नाही, तिथे चारशे मीटरचा मुरमाचा ट्रॅक आखावा. एक दिवा आणि सावलीही तिथेच. आणि पळणाऱ्यांना शिकवावे की गवताच्या उताराला नवी ओल, गढूळ झिरपा किंवा खचलेला मुरूम दिसला तर कोणाला फोन करायचा. भरतीत निवड मोजक्यांचीच होईल. पण भिंतीवर नजर ठेवण्याचे काम त्या पोरा-पोरींना आजपासून देता येते, त्याला जागा निघायची वाट पाहावी लागत नाही.