नकाशात नाही म्हणजे नाहीच?

नकाशा उलगडला की माणूस सगळ्यांत आधी आपलं गाव शोधतो. सापडलं तर त्यावर बोट ठेवून शेजाऱ्याला दाखवतो. नाही सापडलं तर नकाशाच खोटा ठरवून मोकळा होतो. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून जास्त गावं आहेत. भिंतीवरच्या नकाशात ती सगळी लिहायची म्हटली तर नद्या-डोंगर सोडाच, कागदाचा रंगही दिसणार नाही. म्हणून नकाशा काढणारा गाळत जातो. काय ठेवायचं नि काय गाळायचं, हे तो नकाशा कोणाच्या कामासाठी आहे त्यावर ठरतं. ते काम विसरून नकाशा वाचला, की भलतेच समज डोक्यात बसतात.

‘जगाच्या नकाशात देश आपापल्या मापाने दिसतात’

शाळेच्या भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेच्या तोडीस तोड दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. आफ्रिकाच कशाला, ३२.८७ लाख चौरस किलोमीटरचा आपला भारतही ग्रीनलँडच्या दीडपट भरतो. नकाशाकडे पाहून हे कोणाला पटेल?

नकाशा काढायची ही पद्धत गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये आणली, ती खलाशांसाठी. होकायंत्रावर एकच दिशा धरून जहाज हाकलं तर त्याचा मार्ग या नकाशात सरळ रेषेत येतो. त्यासाठी ध्रुवांकडे जाताना सगळंच फुगवावं लागतं. हा युरोपने स्वतःला मोठं दाखवायला रचलेला डाव होता, असंही आता छातीठोकपणे सांगितलं जातं. तो डाव नव्हता. दर्यावर्दींचं अवजार होतं. ते वर्गात नेऊन टांगलं, हा दोष टांगणाऱ्यांचा. १९७३ मध्ये आर्नो पीटर्सने क्षेत्रफळं बरोबर दाखवणारा नकाशा गाजवला खरा, पण त्यात आफ्रिका उभी ताणल्यासारखी दिसते. गोल पृष्ठभाग सपाट कागदावर आणताना काहीतरी बिघडणारच, हे गणितज्ञ गाउसने एकोणिसाव्या शतकातच सिद्ध करून ठेवलं आहे.

‘किनाऱ्याची लांबी ठरलेली असते’

महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा, हे इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ. देशाचा आकडा ७,५१६.६ किलोमीटर. अलीकडे सरकारने तो बदलून ११,०९८.८१ केला, तेव्हा साडेतीन हजार किलोमीटर किनारा आला कुठून, असा प्रश्न अनेकांना पडला. भरती आली नव्हती की जमीन वाढली नव्हती. आधीचं माप एकास ४५ लाख प्रमाणाच्या नकाशावरचं होतं, नवं एकास अडीच लाखाच्या. पहिल्यात एक मिलिमीटर म्हणजे साडेचार किलोमीटर. इतक्या जागेत बाणकोटच्या, दाभोळच्या, जयगडच्या खाडीचं मुख एका फटकाऱ्यात ओलांडलं जातं. दुसऱ्यात एक मिलिमीटर म्हणजे अडीचशे मीटर, त्यामुळे रेघ खाडीत शिरते, वळते, परत येते. उद्या आणखी बारीक नकाशावर मोजलं तर आकडा आणखी वाढेल. तेव्हा किनाऱ्याची लांबी सांगताना नकाशाचं प्रमाणही सांगायला हवं, आणि ते परीक्षेत कोणीच विचारत नाही.

‘निळी रेघ म्हणजे पाणी, आणि चार सेंटिमीटर म्हणजे दोन किलोमीटर चाल’

सह्याद्रीत भटकणाऱ्यांचा लाडका कागद म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट. १७६७ मध्ये सुरू झालेल्या या खात्याच्या एकास पन्नास हजारच्या नकाशांवर बारावीच्या भूगोलाचं प्रात्यक्षिक चालतं, आणि घाटवाटा शोधणारेही त्यावरच डोकी घालून बसतात. हा नकाशा सुरेख असतो, पण त्याच्याशी बोलायची रीत आहे.

उन्हाळ्यात कोरडा पडणारा ओढा यात काळ्या रेघेने दाखवतात, बारमाही पाण्याला निळा रंग. म्हणजे निळं दिसलं तर पाण्याची आशा ठेवायला हरकत नाही; पण ती नकाशाच्या मोजणीच्या वेळची निळाई. मधल्या काळात वर बांध पडला असेल, विहिरी खोल गेल्या असतील, त्याची बातमी कागदाला नसते.

अंतराचंही तसंच. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, पण सपाटीवरचा. समजा, एखाद्या नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतून, अर्धा किलोमीटर आडव्या अंतरात पाचशे मीटर चढायचं आहे. नकाशात ते सेंटिमीटरभर दिसेल, पायाखालचं अंतर मात्र सातशे मीटरच्या वर भरेल. त्यात वाट वळणावळणाची असणार, हा हिशोब वेगळाच.

सगळ्यांत दगा देतात समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा. त्या वीस-वीस मीटर उंचीच्या फरकाने काढतात. दोन रेषांच्या मध्ये दहा मीटरचा सरळसोट कातळटप्पा असला, तरी तो नकाशात दिसेलच असं नाही. दोर लागेल की नाही हे ठरवणारी नेमकी तीच जागा कागदावर गुळगुळीत उतार होऊन बसते. उलट रस्ता गरजेपेक्षा जाड दिसतो. अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर; पाच मीटरचा रस्ता एवढा फुगवला की शेजारचं देऊळ बाजूला सरकवावं लागतं. असं सरकवणं ही चूक नव्हे, नकाशाकारांची मान्य पद्धत आहे.

मग उपग्रहाचं चित्र पाहावं, असं कोणी म्हणेल. त्यात झाडीखालची पाऊलवाट दिसत नाही, आणि चित्रावरची नावं शेवटी कोणीतरी निवडूनच टाकलेली असतात. फोनमधला नकाशा तर आपण कोणत्या देशातून पाहतो त्यावरून वादग्रस्त सीमाही बदलून दाखवतो.

‘कोरी जागा म्हणजे रिकामी जागा’

कोऱ्या जागेची नकाशाकारांनाही भीती वाटत असावी. सर्व्हे ऑफ इंडियाचा पाया घालणारा जेम्स रेनेल हा चोख मोजणीचा माणूस. पण १७९८ मध्ये त्याने पश्चिम आफ्रिकेच्या नकाशात, दुसऱ्याच्या प्रवासवर्णनावरून, काँग नावाची लांबलचक डोंगररांग काढली. पुढच्यांनी ती उतरवून घेतली, कोणी आणखी लांबवली. १८८९ मध्ये फ्रेंच अधिकारी बँजेरने तिथे जाऊन आल्यावर सांगितलं, की असे डोंगरच नाहीत. नव्वद वर्षं ते छापले जात होते.

आपल्याकडचा प्रकार उलटा. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यात बोंबील वलांडीवर टांगून वाळवतात, जाळी पसरून दुरुस्त करतात, होड्या ओढून ठेवतात. या जागांवर भिंत नाही, छप्पर नाही, त्यामुळे इमारती मोजणाऱ्या नकाशात तिथे काहीच नसतं. आणि जिथे काहीच नाही, तिथे पुढच्या आराखड्यात काहीही येऊ शकतं. कोळीवाड्यांच्या सीमांकनात या जागा धरा, ही मच्छीमारांची मागणी त्यामुळेच जुनी आणि चिवट आहे.

‘गाव नकाशात रस्ता नाही, म्हणजे रस्त्याचा हक्क नाही’

हा गैरसमज सर्वांत महाग पडणारा. बांधावर नांगर घालून वाट मोडली की भांडणात पहिलं वाक्य हेच येतं: दाखव नकाशात!

गाव नकाशा मुळात वाट दाखवण्यासाठी झालेलाच नाही. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी मोजणी-जमाबंदी बसवली, तिचा हेतू शेतसारा होता. कोणतं शेत, किती क्षेत्र, किती आकार (सारा), एवढं कळलं की कंपनी सरकारचं काम झालं. मोजणी शंकू-साखळीने होई. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा. सार्वजनिक वाटा नकाशात आल्या त्याही याच मापात: गाडीमार्ग तुटक दुबार रेषेने, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्ग तुटक एकेरी रेषेने, रुंदी सव्वाआठ फूट. साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी, सव्वाआठ म्हणजे पाव. हे आकडे विचित्र का, याचं कोडं असं सुटतं.

पण गावातून आपल्या शेतावर जायची जी खासगी वहिवाट असते, ती या नकाशात सहसा नसते. तिची जागा दुसरीकडे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १६५ खाली वाजिब-उल-अर्ज नावाची नोंद ठेवण्याची तरतूद आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून जायच्या वाटेचे, पाण्याचे, मासेमारीचे रिवाज त्यात लिहायचे असतात. नकाशा हातात घेऊन भांडणाऱ्यांपैकी फार थोडे ही नोंद मागतात.

वाट आधीपासून होती आणि कोणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाट मुळातच नव्हती आणि नवी हवी असेल, तर कलम वेगळं: महसूल अधिनियमातलं १४३, ज्याखाली शेजाऱ्याच्या बांधावरून जायचा हक्क मागता येतो. अर्ज लिहिताना ही दोन कलमं एकमेकांत मिसळू नयेत. पहिल्यात वहिवाट होती हे दाखवावं लागतं, दुसऱ्यात ती नाही आणि तिची गरज आहे हे.