मरणाला मान, जगण्याला मुदत

अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षे 2026 च्या अखेरीस भरतात आणि त्यातल्या फार तर पंचवीस टक्क्यांनाच सैन्यात कायम होता येणार आहे. हदगाव-अर्धापूर रस्त्यावर पहाटे धावणाऱ्या पोरांना हा हिशेब तोंडपाठ आहे. पायदळातल्या साध्या शिपायाचा शंभर वर्षांचा मागोवा घेतला, तर त्याच्या मरणाचा मान वाढत गेलेला दिसतो. जगण्याची हमी मात्र अलीकडे उलटी फिरली आहे.

जुना काळ थोडक्यात. पहिल्या महायुद्धात कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी उपासमारीने झिजल्या. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्यांची नावे कोरली गेली, हिंदी शिपायांचा नुसता आकडा. युद्धकबरी आयोगाने अशा भेदभावाची माफी मागितली ती 2021 मध्ये. दुसऱ्या महायुद्धात माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत तायबरच्या खोऱ्यात पडले, तेव्हा ते 22 वर्षांचे होते. सेक्शनमधले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात कोसळल्यावर ते एकटे चौकीवर धावले, हातबॉम्बने गन बंद पाडली आणि मॅगझिन बदलायला सवड नव्हती म्हणून टॉमीगन नळीला धरून उरलेल्या दोघांना झोडपून मारले. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला म्हणून आज त्यांचे नाव उरले आहे. त्यांच्या सेक्शनमधल्या इतरांची नावे कोण सांगेल? पुढे 1962, 1965 आणि 1971 मध्येही बहुतेकांचे अंत्यसंस्कार आघाडीवरच झाले. घरी आली ती तार.

खरा पालट झाला 1999 मध्ये. कारगिलचे 527 जवान शवपेट्यांतून आपापल्या गावी परतले आणि शिपायाचे मरण प्रथमच साऱ्या देशाने दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिले. पेट्रोलपंप, निधी, चौकाचौकांतल्या कमानी यांनी पुढची काही वर्षे गाजली. ते प्रेम खोटे नव्हते; पण त्याचा भाव लवकरच वटवला गेला. कुलाब्यात कारगिलचे नाव सांगत 31 मजली ‘आदर्श’ इमारत उभी राहिली आणि त्या वादात नोव्हेंबर 2010 मध्ये मुख्यमंत्र्यांना, म्हणजे आपल्या नांदेडकरांनाच, पद सोडावे लागले. तो भूखंड कारगिलसाठी राखीव नव्हताच, असे चौकशी आयोगाने पुढे सांगितले. कायद्याचा मुद्दा त्याने सुटला असेल, लाज कशी सुटणार? शिपायाचे नाव कशालाही चिकटवता येते, हे त्या दशकाने शिकवले.

आता अग्निवीर आला आणि शिपायाच्या नोकरीलाच चार वर्षांची मुदत लागली. त्याच्या समर्थनात, सैन्य तरुण हवे, निवृत्तिवेतनाचा बोजा मोठा आहे, भरतीची सक्ती कोणावर नाही, असे म्हटले जाते. तरुण सैन्य हवे हे मान्य. घाडगेही बाविशीतलेच होते. पण जुन्या पद्धतीतला शिपाईही पस्तिशीच्या आसपास घरी परतत असे, मात्र निवृत्तिवेतन घेऊन. शहीद अग्निवीराच्या घरी एक कोटीच्या आसपास रक्कम जाते, हेही खरे. तरी एकाच चौकीत एकाच गोळ्याने दोघे गेले, तर एकाच्या घरी जन्मभर कुटुंबनिवृत्तिवेतन आणि दुसऱ्याच्या, म्हणजे अग्निवीराच्या, घरी फक्त एकरकमी पैसा, हा फरक कशाच्या आधारावर? बोजा कमी करायचाच, तर तो सर्वांत खालच्या पायरीपासून का? शहीद अग्निवीरांच्या कुटुंबांनाही निवृत्तिवेतन द्यावे, अशी शिफारस संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने केली आहे. ती आधी अमलात आणावी. नव्या कमानींची घाई नाही.