पिंपात दहा गोळ्या

जुलैची रिपरिप. उलव्यात समोरच्या सेक्टरला हेटवणे धरणाचं पाणी नळाने येतं. इकडे, नव्या इमारतीच्या मागे, मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांपाशी टँकर उभा आहे. हंडे, कॅन, रंगाचे धुतलेले डबे घेऊन बायका-पोरांची झुंबड. संडासाची टाकी भरून वाहतेय ती कडेच्या गटारात, आणि टँकरची नळी त्याच गटारात लोळून पिंपात शिरते.

आरोग्यसेविका टँकरच्या तोटीचं पाणी काचेच्या नळीत घेते, औषधाचे थेंब टाकते. पाणी पिवळं होतं.

"क्लोरीन आहे," ती म्हणते.

ठेकेदाराचा माणूस खूश होऊन निघतो. ती त्याला थांबवते. एका खोलीबाहेरच्या निळ्या पिंपातलं पाणी, तेच थेंब. रंग बदलतच नाही. पिंपाच्या तळाशी गाळ, कडेला शेवाळ. टँकरमधून आलेलं क्लोरीन त्यातच खर्ची पडलंय. आमच्यादेखत एक पोरगं पेल्यासकट हात कोपरापर्यंत बुडवतं.

"गोळी टाकली नव्हती का गं?"

"टाकली की मॅडम, एक," नांदेडकडची बाई सांगते.

"वीस लिटरला एक. या दोनशे लिटरच्या पिंपाला दहा लागतात."

बाईची चूक कशी म्हणावी? तिला गोळ्या मिळाल्या, हिशोब कुणी सांगितलाच नव्हता.

पिंप उपडं होतं, घासलं जातं. भरून गोळ्या टाकल्या की अर्धा तास कुणी हात लावायचा नाही. तेवढ्यात सेविका जुलाबाने मलूल झालेल्या एका पोराकडे वळते. ओआरएसची अख्खी पुडी, लिटरभर पाणी. अर्धी पुडी चालत नाही. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं असंच पाणी पिंपांत भरून पटकीच्या रुग्णांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्या खाली आलं.

"पण टँकर तर चांगला होता ना?" ठेकेदाराचा माणूस पुन्हा विचारतो.

"नळी उचला, टाकी उपसा, पिंपाला तोटी बसवा," ती वहीत लिहीत सांगते.

मेळघाटात पाचडोंगरी-कोयलारीला 2022च्या जुलैत वीज तोडल्यामुळे नळाचं पाणी बंद पडलं. लोक विहिरीचं प्याले आणि पटकी पसरली. इथे तर टँकर रोज येतोय, तरी पिंपातलं पाणी धोक्याचंच. तुमच्या सोसायटीशेजारी बांधकाम चालू असेल, तर मजुरांच्या पिंपाला तोटी आहे का ते एकदा बघा, आणि नसेल तर ठेकेदाराच्या मागे लागा.