खर्च एका खिशातून, बचत दुसऱ्या खिशात

अमेरिकेत सुमारे १५ हजार नर्सिंग होम आहेत. त्यांत १२ लाखांच्या आसपास माणसे राहतात. बहुतेक वृद्ध, बरीचशी कायमची. त्यांची देखभाल सुधारण्यासाठी सरकार एकामागून एक योजना आणते. त्यातून पैसा वसूल होतो का, यावर सगळे ठामपणे बोलतात. फक्त हिशेबाची एकच वही उघडून.

गैरसमज : हा खर्च मेडिकेअर करते.

वस्तुस्थिती : ज्येष्ठांची ही केंद्रीय विमा योजना रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या शुश्रूषेचे जास्तीत जास्त १०० दिवस पैसे देते, त्यातही पूर्ण भरपाई पहिल्या २० दिवसांचीच. कायम राहणाऱ्यांची पुंजी संपली की भार मेडिकेडवर येतो. गरिबांसाठीच्या या योजनेचा खर्च केंद्र आणि राज्ये वाटून घेतात. साठ टक्क्यांहून अधिक रहिवासी तिच्याच आधारावर आहेत.

गैरसमज : नर्स वाढवणे म्हणजे निव्वळ खर्च.

वस्तुस्थिती : बायडेन सरकारने २०२४ मध्ये नियम केला : प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला ३.४८ तास शुश्रूषा आणि चोवीस तास नोंदणीकृत नर्स. दहा वर्षांचा अंदाजे खर्च ४३ अब्ज डॉलर. सगळा वाद या आकड्यापाशीच अडकला. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने नियमाचा गाभाच रद्द केला. पुढे संसदेने अंमलबजावणी २०३४ पर्यंत लांबवली.

दुसरी वही मात्र कुणी फारशी चाळली नाही. आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांच्या २०१४ च्या अहवालानुसार, मेडिकेअरच्या खर्चाने शुश्रूषेसाठी आलेल्या दर तिघांपैकी एकाला तिथल्या उपचारांतूनच काही ना काही इजा झाली होती. तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मते यातल्या ५९ टक्के इजा टाळता आल्या असत्या. अशा इजांपायी पुन्हा रुग्णालय गाठावे लागले, त्याचे २०११ चे अंदाजे बिल २.८ अब्ज डॉलर. ते भरले मेडिकेअरने.

खरी गोम इथे आहे. जादा नर्सचा पगार पडतो संस्थेच्या आणि मेडिकेडच्या माथी. रुग्णालयाची वारी टळली, तर पैसे वाचतात मेडिकेअरचे. राज्याच्या अर्थखात्याला चांगली योजनाही आतबट्ट्याची वाटते, यात नवल नाही.

गैरसमज : चांगल्या कामाला जादा पैसे दिले की दर्जा आपोआप सुधारतो.

वस्तुस्थिती : रहिवाशांच्या रुग्णालयातल्या टाळता येण्याजोग्या भरत्या कमी करण्यासाठी केंद्राने २०१२ मध्ये सात राज्यांत प्रयोग सुरू केला. आधी माणसे पाठवली. मिसूरीत सेंट लुईस परिसरातल्या १६ संस्थांमध्ये उच्चप्रशिक्षित नर्स पूर्णवेळ बसल्या आणि भरत्या लक्षणीय घटल्या. २०१६ नंतरच्या टप्प्यात, रहिवाशावर जागेवरच उपचार केल्यास जादा मोबदला देऊ केला. ज्या संस्थांना नुसता मोबदलाच मिळाला, तिथे भरत्या घटल्याचे मूल्यमापनात दिसले नाही. पैसा तोच, पण रात्री दोन वाजता ताप चढलेल्या आजोबांना तपासायला कुणी हवे ना!

गैरसमज : सरकारी पाच तारे म्हणजे डोळे मिटून विश्वास.

वस्तुस्थिती : नर्सिंग होमच्या दर्जाला एक ते पाच तारे देणारी, २००८ पासूनची ही योजना तशी स्वस्तातली. पण सुरुवातीला नर्स किती, हे संस्था स्वतःच सांगत. २०१८ पासून हा आकडा पगाराच्या नोंदींवरून काढतात. त्याच नोंदींतून शनिवार-रविवारी मनुष्यबळ बरेच घटते हे दिसले, आणि २०२२ पासून सुट्टीच्या दिवसांची हजेरीही ताऱ्यांत धरली जाऊ लागली.