उंच मुलाची पहिली मोटारसायकल

काही दिवसांपूर्वी तलासरीकडचे एक गृहस्थ रक्तदाब तपासून घेण्यासाठी दवाखान्यात आले होते. बरोबर मुलगा होता. आत येताना चौकट डोक्याला लागू नये म्हणून तो सवयीने वाकला. वय १९ वर्षे, उंची ६ फूट २ इंच, वजन जेमतेम ६२ किलो. वडिलांचा रक्तदाब १५०/९६ भरला. मी विचारले, "गोळी चुकली का?"

"गोळी नाही चुकली डॉक्टर, झोप चुकते आहे," ते म्हणाले. "याला गाडी घ्यायची आहे."

मुलाला उंबरगावच्या एका कारखान्यात काम लागले होते. पाळी सुटेपर्यंत रात्र होते आणि त्या वेळी परतीचे वाहन मिळत नाही. म्हणजे गाडी ही चैन नव्हती, नोकरी टिकवण्यासाठी ती लागणारच होती. शिकाऊ परवाना नुकताच हातात आला होता. गिअरची गाडी त्याने आजवर चालवली नव्हती. पण मित्रांनी त्याला पटवले होते की, एवढ्या उंचीच्या माणसाला लहान गाडी शोभत नाही, घ्यायची तर साडेतीनशे सीसीचीच. वडील म्हणत होते, शंभर सीसीची घे. त्यावर मुलगा म्हणाला, "डॉक्टर, मित्राच्या गाडीवर बसून पाहिले. वळताना हँडल गुडघ्याला लागते."

वाचकहो, यात बाप आणि मुलगा दोघेही बरोबर होते. शिकणाऱ्याला हलकी गाडी हवी, हे वडिलांचे म्हणणे खरे. उंच माणसाचे लहान गाडीवर हाल होतात, हे मुलाचे म्हणणेही खरे. चूक होती ती एकाच समजुतीत. उंचीचा संबंध आपण इंजिनाच्या ताकदीशी जोडतो. उंच शरीराला गाडीवर जागा जास्त लागते, ताकद जास्त लागत नाही. आणि जागा सीसीत मोजत नाहीत.

उंची पायांत की धडात?

सारख्याच उंचीच्या दोन माणसांची पायांची लांबी वेगळी असू शकते. म्हणून गाडी पाहायला जाण्यापूर्वी घरी एक माप घ्यावे. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहावे. एक जाड वही दोन मांड्यांमध्ये आडवी धरून वर जांघेपर्यंत दाबावी. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. आमच्या या मुलाचे माप ८९ सेंटिमीटर भरले.

आता हे माप सीटच्या उंचीशी ताडून पाहू. स्प्लेंडर प्लसची सीट जमिनीपासून साधारण ७८५ मिलिमीटर, शाईन १२५ ची ७९१, तर प्लॅटिना १०० ची ८०७ मिलिमीटर असते. साडेतीनशे सीसीच्या हंटरची सीट ७९० मिलिमीटरच आहे. म्हणजे इंजिन साडेतीन पट मोठे घेऊनही सीटची उंची जवळजवळ तेवढीच राहते. उलट दोनशे सीसीची एक्सपल्स ८२५ मिलिमीटर उंच आहे, कारण ती खडबडीत वाटांसाठी बनवलेली आहे. (नवे मॉडेल आले की हे आकडे थोडे बदलतात. म्हणून दुकानात माहितीपत्रक मागून खात्री करावी.)

उंच माणसाचे पाय जमिनीला टेकतात की नाही, हा प्रश्न बहुधा नसतोच. ते टेकतात. खरा प्रश्न सीट आणि फूटरेस्ट यांच्यामधल्या अंतराचा आहे. हे अंतर कमी असेल तर गुडघा फार दुमडतो आणि कमरेच्याही वर येतो. गुडघा जितका अधिक दुमडलेला राहील, तितका वाटीच्या मागचा दाब वाढतो. गुडघे वर आले की कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो, पाठीला पोक येते आणि मणक्यांमधल्या गाद्यांवर ताण पडतो. पाच मिनिटांत हे कळत नाही. पाऊण तासाने मात्र नक्की कळते.

वजनाचा हिशेब

स्प्लेंडरचे वजन साधारण ११२ किलो असते, हंटरचे १८१ किलो. चालत्या गाडीचे वजन जाणवत नाही. नवशिक्या माणूस पडतो तो बहुधा थांबताना, वळवताना, चढावर निघताना किंवा गाडी ढकलत मागे घेताना. उभी गाडी थोडी कलली तर पायाने सावरता येते. पण एका मर्यादेपलीकडे कलली की ती कोणालाच आवरत नाही. ६२ किलोच्या मुलाच्या हातून १८१ किलोची गाडी सुटली, तर खाली सापडतो तो घोटा किंवा नडगी. पावसाळ्यात आपल्याकडच्या आतल्या रस्त्यांवर चिखल आणि खड्डे असतात, तेव्हा तर हा प्रसंग ठरलेलाच.

पडलेल्या गाडीखाली पाय अडकला की दुसरी इजा होते ती सायलेन्सरची. उजव्या पोटरीला आतल्या बाजूने भाजलेले तरुण मी दर मोसमात पाहतो. निम्मे जण टूथपेस्ट किंवा हळद लावून येतात. तसे करू नये. भाजलेला भाग लगेच नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा, बर्फ लावू नये, फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने सैल झाकून डॉक्टरांना दाखवावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे.

दुकानातली दहा मिनिटे

मुलाला मी कागदावर सहा गोष्टी लिहून दिल्या. त्या इथे देतो.

१) गाडी घरच्या कोणाला तरी नीट धरायला सांगा, वर बसा आणि दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवा. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. हँडल गुडघ्याला किंवा मांडीला लागत असेल तर ती गाडी तुमची नव्हे. मी स्वतः ६ फुटांचा आहे. तरुणपणी छोट्या चाकांच्या एका गाडीवर वळताना माझे हँडल गुडघ्यात अडकले आणि मी थेट चिकूवाडीच्या कडेच्या चरात गेलो. हसणारे पुष्कळ होते, उचलणारा एकच.

२) बाजूने दुसऱ्याला पाहायला सांगा. गुडघा कमरेच्या खाली किंवा फार तर समपातळीत असावा. कोन काटकोनापेक्षा लहान नसावा.

३) सीट लांब, सपाट आणि एकसंध असावी. उंच माणसाला अशा सीटवर चार बोटे मागे सरकून बसता येते. पायऱ्यांसारख्या दोन भागांच्या सीटवर तो पुढे टाकीपाशी अडकून पडतो.

४) रोजचे बूट घालून जा. मोठ्या मापाचा बूट गिअरच्या लिव्हरखाली सहज शिरतो का ते पाहा. टाच आणि चवडा असा दोन्हींनी दाबायचा लिव्हर असेल, तर मधल्या जागेत पाऊल मावले पाहिजे. लिव्हर आणि ब्रेकचे पेडल थोडे वरखाली करता येते. ते मेकॅनिककडून करून घ्यावे.

५) कोपर किंचित वाकलेले आणि मनगट सरळ असावे. क्लच दाबताना मनगट मोडत असेल तर लिव्हरचा कोन बदलून मिळतो. आरशांत नुसते स्वतःचे कोपर दिसत असेल तर आरसे बाहेर वळवून घ्यावेत.

६) शेवटी गाडी बंद ठेवून थोड्या चढावर ढकला, मागे घ्या, स्टँडला लावा. याने धाप लागत असेल तर ती गाडी अजून वर्षभर तुमच्यासाठी नाही.

ब्रेकविषयीही एक सांगतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. जुनी गाडी घेताना तिच्यात यातले काय आहे ते विचारून घ्यावे.

शरीर काय सांगते?

नव्या गाडीवर पहिले काही दिवस मांड्या आणि पाठ दुखणे साहजिक आहे. पण बोटांना मुंग्या येत असतील तर मनगटाचा कोन चुकला आहे किंवा मूठ फार आवळली जाते आहे. गाडीवरून उतरल्यावर जिना चढताना वाटीमागे दुखत असेल तर गुडघा जास्त दुमडतो आहे. अशा वेळी गोळ्या खाण्याआधी बसण्याची पद्धत बदलावी. दर पाऊण तासाने उतरून पाच मिनिटे चालावे. दुखणे कंबरेतून पायात उतरत असेल, पायाची ताकद कमी वाटत असेल, किंवा लघवी-संडासच्या जागी बधिरपणा आला किंवा त्यावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. तिथे उशीर चालत नाही.

हेल्मेट गाडीआधी

हेल्मेट डोक्याच्या मापाने घ्यावे, गाडीबरोबर मिळाले म्हणून नव्हे. पट्टा लावून डोके हलवल्यावर ते फिरता कामा नये. त्यावर आयएसआय चिन्ह पाहावे. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी हे चिन्ह नसलेली हेल्मेटे विकण्यास बंदी आहे. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार अपघातात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. माझ्या कपाटातले कोणतेही औषध असा गुण देत नाही.

शिकताना महामार्गावर जाऊ नये. जुना आठ क्रमांकाचा, आताचा ४८ क्रमांकाचा मुंबई-अहमदाबाद महामार्ग आपल्या दारातून जातो आणि त्यावरची वाहने कोणासाठी थांबत नाहीत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मजबूत चारचाकीत होते. दुचाकीवर तर आपल्याभोवती पत्राही नसतो. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. ते ३० दिवस आतल्या रस्त्यावर, सकाळच्या उजेडात, जाणत्या माणसाबरोबर सराव करावा.

उंची म्हणजे वय नव्हे

आता एक गोष्ट पालकांसाठी. पंधराव्या वर्षी मुलगा बापाच्या डोक्यावर गेला की घरात कौतुकाने चावी हातात पडते. पाय टेकतात, मग काय अडचण? अडचण अशी की, हाडे लांब होतात तेवढ्या वेगाने सारासार विचार वाढत नाही. गिअरच्या मोटारसायकलसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंड भरता येतो. पंधरा वर्षांच्या मुलाच्या नातेवाइकांना दवाखान्याबाहेर येऊन जे सांगावे लागते, ते मी सांगितले आहे. पुन्हा सांगायची माझी इच्छा नाही.

त्या मुलाने पुढे काय केले? त्याने लांब सीटची १२५ सीसीची, दोन वर्षे वापरलेली गाडी घेतली. कागदपत्रे नावावर करून घेतली. मेकॅनिककडून हँडल आणि गिअरचा लिव्हर थोडा वळवून घेतला. उरलेल्या पैशांत चांगले हेल्मेट आणि घोटा झाकणारे बूट घेतले. पहिल्याच आठवड्यात अंगणात गाडी एकदा पडली. त्याने ती एकट्याने उचलली. इंडिकेटर तुटला, पाय शाबूत राहिला.

परवा वडील पुन्हा तपासायला आले. रक्तदाब १३४/८४ होता. गोळीचा त्यात वाटा आहेच. पण रात्री पाळी सुटल्यावर पोरगा निघताना फोन करतो आणि पोहोचल्यावर हेल्मेट ओट्यावर ठेवल्याचा आवाज येतो, मग झोप लागते, असे ते म्हणाले.