मावळांतील जीपगाडी : तिची निगा आणि तिच्यांतील फेरफार

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं चारी चाकांनीं ओढणारी जीपगाडी आहे, अथवा ती घेण्याचें ज्यांच्या मनांत घोळत आहे, त्यांच्याकरितां हा लेख आहे. आमचें गांव भोर तालुक्यांत, हिरडस मावळांत. मृगापासून हस्तापर्यंत येथें पाऊस पाठ सोडीत नाहीं. घर एका अंगास, भाताचीं खाचरें दुसऱ्या अंगास, आणि मध्यें एक ओढा व कोसभर लांबीची पाणंद. ही वाट पूर्वीं बैलगाडीनेंच तुडविली जाई. सन २०१२ पासून तीवर आम्ही एक जुनी जीप चालवीत आहों. या अवधींत तिच्यांत आम्हीं जे फेरफार केले, त्यांतील बहुतेक पुन्हां काढून टाकावे लागले, आणि त्यांच्यापायीं एका माणसाचा हात मोडला. हकीकत सांगण्यासारखी वाटते ती याच कारणास्तव.

जीपचा जन्म लढाईंतला. अमेरिकन सैन्याकरितां विलिस-ओव्हरलँड कंपनीनें सन १९४१ पासून ती मोठ्या प्रमाणावर बनविली. फोर्ड कंपनीनेंही तीच गाडी बनविली, आणि सन १९४५ पर्यंत दोहोंच्या मिळून सहा लक्षांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. लढाई संपतांच विलिस कंपनीनें तीच गाडी थोड्या फरकानें शेतकऱ्यांपुढें मांडली. तिला नांगर लावतां येतो, मागच्या दांड्यावर पट्टा चढवून मळणीयंत्र फिरवितां येतें, असा तिचा डांगोरा पिटण्यांत आला. आपल्याकडे १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रा कंपनीनें मुंबईंत तिची जुळणी सुरू केली. आमची गाडी त्याच वंशांतली, सन १९९६ च्या बनावटीची एमएम ५४० असून तिला प्यूजोच्या आराखड्याचें डिझेल एंजिन आहे.

जीप म्हणजे ट्रॅक्टर नव्हे, ही गोष्ट घेणारानें पहिल्यानेंच मनाशीं पक्की करावी. नांगर ओढणें म्हणजे एकाच मंद चालीनें तासन् तास जोर लावणें होय; जीपचें वजन आणि क्लच त्याकरितां घडविलेले नाहींत. आमच्या शिवेपलीकडील एका गृहस्थांनीं पॉवर टिलर बिघडला म्हणून जीपला दांतळ बांधून चिखलणी करून पाहिली. अर्धें खाचर होण्याच्या आंत क्लच जळला, गाडी आंसापर्यंत रुतली, आणि ती बाहेर काढण्यास अखेर बैलच आणावे लागले. त्यांना आम्ही अद्यापि यावरून चिडवितों. जीपचें काम निराळें आहे. शेणखत, रोपांचे जुडगे, खताच्या गोणी, डिझेलचे डबे, आजारी वासरूं आणि लावणीचीं माणसें जेथें दुसरें वाहन पोंचत नाहीं तेथें पोंचविणें, एवढेंच तें काम आहे. आणि मावळांतील शेतकऱ्यास तेवढें पुष्कळ आहे.

तें काम ती कोणत्या बळावर करते? अनेकांचा समज असा कीं, तिच्या उंचीच्या बळावर. आमचाही तोच समज होता. वस्तुतः तिचें बळ गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारीं असलेल्या दोन लहान दांड्यांत आहे. एका दांड्यानें पुढचीं चाकें एंजिनास जोडलीं जातात. दुसऱ्यानें सर्वच गिअर खालच्या पायरीवर येतात. या खालच्या पायरीवर चाकें सुमारें अडीचपट सावकाश फिरतात आणि त्यांचा जोर तितकाच वाढतो. चिखलांत किंवा निसरड्या चढावर ही पायरी चिखल लागण्यापूर्वीं लावावी, रुतल्यावर नव्हे. उतरतांना ज्या गिअरांत चढलों असतों त्याच गिअरांत उतरावें. एंजिनच गाडीस आवरून धरतें आणि ब्रेकवर पाय ठेवण्याचें कारण पडत नाहीं. ओल्या मुरमावर ब्रेक दाबला कीं चाकें थांबतात, गाडी थांबत नाहीं. डांबरी सडकेवर येतांच मात्र पुढचीं चाकें सोडवावीं. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां अधिक अंतर चालतात. चिखलांत तीं थोडीं घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या सडकेवर घसरण्यास वाव नसल्यानें सगळा ताण शाफ्ट, क्रॉस आणि गिअरांच्या दांत्यांवर येतो. अशा वेळीं दांडा अडकून बसतो आणि सुटतां सुटत नाहीं. चार पावलें सरळ मागें घेतलें असतां तो बहुधा सुटतो.

आतां फेरफारांविषयीं. सन २०१८ मध्यें आमच्या चिरंजीवांच्या मनानें घेतलें कीं गाडी उंच करावी. आम्हींही आढेवेढे घेतले नाहींत. खरें सांगावयाचें तर शेजाऱ्यांच्या गाडीपेक्षां आपली वरचढ दिसावी असें आम्हांसही वाटलेंच. शहरांतील एका कारखान्यांत लांब शॅकल आणि जादा कमानपाटे घालून गाडी चार इंच उचलली. अठ्ठावीस इंच व्यासाच्या चाकांऐवजीं एकतीस इंची रुंद टायर चढविले. ते घांसूं नयेत म्हणून मडगार्ड कापले. वर लोखंडी नळ्यांचें कॅरिअर जोडलें. खर्च किती झाला तें येथें सांगत नाहीं, कारण हा अंक आमच्या घरींही वाचला जातो.

गाडी घरीं आली ती पाहण्यास निम्मा गांव लोटला. दुसऱ्या महिन्यापासून तिच्या तक्रारी सुरू झाल्या. चाक मोठें झाल्यानें वेग दाखविणारा कांटा एक दशांशानें कमी दाखवूं लागला. चाळीस म्हणे तेव्हां गाडी चव्वेचाळिसानें धांवत असे. तितक्याच प्रमाणांत गिअर जड झाले, म्हणजे ज्या खालच्या पायरीकरितां गाडी घेतली तीच आम्हीं पैसे देऊन दुबळी केली. कमानी उचलल्यामुळें शाफ्टचा कोन तिरपा झाला आणि वर्षांत दोनदां क्रॉस बदलावे लागले. सडकेवर पन्नासाच्या पुढें गेलें कीं स्टिअरिंग हातांत थडथडूं लागे. तालुक्याच्या गांवच्या आमच्या जुन्या मिस्त्रीनें गाडीभोंवतीं एक फेरी मारली आणि तो म्हणाला, "अण्णा, हिचा घोडा करायला निघालात आणि उंट करून आणलात." आम्हांस राग आला. कांहीं दिवस आम्ही त्याच्याकडे गेलोंच नाहीं.

सन २०१९ च्या आषाढांत लावणी ऐन भरांत होती. खाचराकडे नेण्याच्या गोणी आंत मावेनात म्हणून पांच वर कॅरिअरवर टाकल्या. त्या धरण्यासाठीं आमचा जुना गडी मागें उभा राहिला. चाक आमच्याच हातीं होतें. ओढ्यापलीकडे पाणंद एका अंगास कललेली आहे. उजवीं चाकें बांधाच्या कडेवर आणि डावीं चाकोरींत ठेवून आम्ही माणसाच्या चालीनेंच चाललों होतों. चाकोरीची कड पावसानें आंतून पोखरली होती, ती खचली. गाडी आपटली नाहीं, उसळली नाहीं. दमलेलें जनावर बसावें तशी ती डाव्या कुशीवर खालच्या खाचरांत निजली. आम्ही चिखलांत पडलों म्हणून बचावलों. गड्याचा हात टपाच्या कमानीखालीं सांपडला आणि मनगटाच्या वर मोडला.

त्या वर्षींची लावणी त्याच्या हातून झाली नाहीं. दिवाळीपर्यंत त्याची मजुरी आम्हीं घरपोंच केली. यांत मोठेपणा कांहीं नाहीं. चूक आमची होती आणि भोगणें त्याच्या वांट्यास आलें. विम्याच्या कागदांत या फेरफारांची नोंद नव्हती, सबब त्या दारीं जाण्याचें तोंडही आम्हांस उरलें नाहीं.

हें असें कां झालें, याचा हिशेब आम्हीं नंतर पाटीवर मांडला. तो कोणाही शेतकऱ्यास मांडतां येण्याजोगा आहे. जीपच्या डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर चार फुटांच्या आसपास असतें. म्हणजे मध्यापासून एका बाजूस चोवीस इंच. गाडीचा सारा भार जेथें एकवटला आहे असें मानतां येईल तो बिंदु जमिनीपासून चोवीस इंचांवर धरला, तर गाडी ४५ अंश कलेपर्यंत ती कलंडत नाहीं. कमानी आणि चाकें मिळून तो बिंदु सहा इंच वर गेला, तर हीच मर्यादा ३९ अंशांच्या आंत येते. टपावर गोण्या लादून तो आणखी चार इंच चढला, तर ३५ अंशांवर येते. हे आंकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, आणि तेही गाडी स्थिर उभी असतांनाचे. चालत्या गाडीचें एक चाक खचलें किंवा दगडावर चढलें कीं उरलेली मर्यादा एका क्षणांत संपते. आमच्या पाणंदीस दगड ओलांडण्याकरितां उंचीची गरज क्वचितच होती. तिला गरज होती कललेल्या अंगावर तोल राखण्याची, आणि नेमका तोच आम्हीं विकून टाकला होता.

कायद्याची बाजूही आम्हांस मागाहून कळली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणींत लिहिलेल्या व बनविणारानें ठरविलेल्या मूळ स्वरूपाहून भिन्न होईल असा बदल मालकास करतां येत नाहीं. आणि सर्वोच्च न्यायालयानें सन २०१९ च्या जानेवारींत, म्हणजे आमच्या अपघातापूर्वीं सहा महिने, हेंच स्पष्ट करून सांगितलें होतें. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते व त्यानंतर दर पांच वर्षांनीं तपासणी होऊन तिचें नूतनीकरण करावें लागतें. सन २०२१ मध्यें आमची पाळी आली तेव्हां निरीक्षकानें कापलेले मडगार्ड आणि लांब शॅकल पाहून कागद परत केले. त्यास बोल लावतां येत नाहीं. मृग तोंडावर आलेला आणि गाडी दारांत बांधलेली, अशा स्थितींत आम्ही त्या जुन्या मिस्त्रीकडेच गेलों. तो उंटाविषयीं एक अक्षरही बोलला नाहीं. मूळ पाटे, मूळ शॅकल, जुन्या गाडीचे मडगार्ड आणि नेमल्या मापाचे ६.००-१६ टायर त्यानें तीन आठवड्यांत बसवून दिले.

टायरांविषयीं एक सूचना. हेंच माप लहान ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचेंही असतें, आणि तो टायर घरांत पडलेला असला कीं जीपला चढविण्याचा मोह होतो. तसें करूं नये. तो मंद चालीकरितां बनविलेला असतो, आणि त्याच्या उभ्या धारा चिखलांत गाडी वळविण्यापुरत्या असतात, पुढें ओढण्याकरितां नव्हेत. फार मऊ चिखलांत नेहमींच्या टायरांतील हवा कांहींशी कमी केल्यास तळ पसरतो आणि गाडी निघते. परंतु ट्यूबच्या टायरांत ती फार उतरविली तर टायर रिंगेवर सरकून ट्यूबचें नाक उपटतें. आणि सडकेवर येतांच हवा पूर्ववत् भरलीच पाहिजे. पायानें हवा भरण्याचा पंप आम्ही आतां गाडींतच ठेवितों.

काढून टाकण्याजोगें सर्व काढल्यावर कांहीं थोड्या सोयी आम्हीं राहूं दिल्या. पुढें व मागें चॅसीलाच बोल्टानें आवळलेला एकेक ओढहूक आहे. रुतलेली गाडी बंपरास दोर बांधून ओढली कीं बंपरच हातीं येतो. पुढच्या व मागच्या आंसांच्या श्वासनळ्या रबरी नळीनें वर बॉनेटखालीं नेल्या आहेत. चालून तापलेला आंस ओढ्याच्या थंड पाण्यांत बुडाला कीं आंतील हवा आकुंचते आणि नळी खालीं असल्यास पाणी ओढून घेते. जॅक चिखलांत बुडूं नये म्हणून सागवानाची हातभर फळी, फावडें आणि जाड दोर बांकाखालीं असतात.

ओढ्याच्या बाबतींत आमचा नियम एकच आहे : पायीं ओलांडतां न येणारा ओढा गाडीनेंही ओलांडावयाचा नाहीं. आधीं काठी घेऊन माणूस उतरतो. पाणी चाकाच्या मध्याच्या वर असेल तर आम्ही परत फिरतों. एंजिनानें हवेच्या वाटेनें पाणी ओढलें, तर तें हवेसारखें दबत नाहीं. दट्ट्याचा दांडाच वांकतो, आणि त्या एका घोटाची किंमत नव्या एंजिनाइतकी होऊं शकते. पलीकडे निघाल्यावर थोडें अंतर ब्रेक हलका दाबून चालावें, म्हणजे ड्रम वाळतात. त्याच संध्याकाळीं अथवा दुसऱ्या सकाळीं आंसाची तळची बोंडी किंचित् सैल करून पाहावी. प्रथम पाणी निघालें, किंवा तेल ताकासारखें पांढरट दिसलें, तर तें सगळें काढून नवें भरावें. पुढच्या चाकांच्या गोळ्यांभोंवतींचे बुरणुसाचे सील फाटले असतील तर तेथूनही पाणी शिरतें आणि आंतील बेअरिंगें गंजतात; स्टिअरिंग थडथडण्याचें एक मूळ तेथेंच असतें. हा सील स्वस्त आहे, म्हणूनच त्याकडे कोणी पाहात नाहीं.

ग्रीस देण्याचें काम पावसाळ्यांत दर आठवड्यास होतें. बैलगाडीच्या आंसास वंगण घालण्याचा वार आमच्या घरीं शनिवार होता, तोच जीपला चालविला आहे. शॅकलच्या पिना, शाफ्टचे क्रॉस, स्टिअरिंगचे सांधे, या सर्वांस जुनें ग्रीस व चिखल बाहेर येईपर्यंत पिचकारी मारावी. डिझेलच्या फिल्टरमधील पाणी त्याच वेळीं सोडून द्यावें. खर्चाचें म्हणाल तर सडकेवर आमची गाडी लिटरमागें दहा किलोमीटरांच्या आसपास चालते. पाणंदीवर खालच्या पायरींत त्याच्या निम्म्यानेंही समाधान मानावें लागतें. त्यामुळें एक बैलजोडी आम्हीं अद्यापि ठेवली आहे, आणि हलकी खेप जाग्यावरच्या जाग्यावर तीच करते.

ग्रीसची पिचकारी शनिवारीं तो गडीच मारतो. हात बरा झाला आहे, परंतु पावसाच्या दिवसांत दुखतो असें तो म्हणतो. पाणंदीवर मात्र तो गाडींत बसत नाहीं. कललेल्या जागीं आलों कीं काठी घेऊन तो पुढें होतो, चाकोरीची कड टोंचून पाहतो आणि हातानें खूण करतो. मग आम्ही क्लच सोडतों.